‘जाऊ दे ना’ म्हणण्याआधी: जपून बोलण्याची आणि वेळेला बोलण्याची तयारी

आमच्या ऑफिसात चहापाण्याचं आणि साफसफाईचं काम बघणाऱ्या एक मावशी होत्या. एका मार्चअखेरीला पेटी कॅशमध्ये अठराशे रुपये कमी आले. संशय मावशींवर गेला, कारण सकाळी सगळ्यांच्या आधी त्याच यायच्या. मी हिशेब खात्यात. ते पैसे एका साहेबांनी पाहुण्यांच्या गाडीसाठी घेतले होते आणि व्हाउचर करायचं राहून गेलं होतं. मला हे पक्कं ठाऊक होतं, कारण पैसे माझ्यासमोरच काढले होते. साहेब त्या दिवशी रजेवर होते. मॅनेजरनी मावशींना केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी जागेवर बसून एक्सेलच्या रकान्यांकडे बघत राहिले. मनात म्हटलं, साहेब आले की सांगतील, आपण कशाला मध्ये पडा. संध्याकाळपर्यंत मावशींचा हिशेब करून त्यांना घरी पाठवलं होतं. आठवड्याने साहेबांनी व्हाउचर दिलं. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

त्याच वर्षी दिवाळीत नणंदेला मी फराळाच्या डब्यांवरून असं काही बोलले की पुढची दोन वर्षं ती आमच्याकडे आली नाही. बोलायला हवं तिथे दातखीळ, आणि थांबायला हवं तिथे उचलली जीभ लावली टाळ्याला. बरीच वर्षं मला वाटायचं की हे माझे दोन वेगळे दोष आहेत. एकाला धीटपणाचं औषध आणि दुसऱ्याला संयमाचं. आता वाटतं, दोष एकच होता. दोन्ही वेळी मी घाबरलेली होते, आणि काय बोलायचं ते मी ठरवण्याआधीच माझ्या घाबरलेल्या अंगाने ठरवून टाकलं होतं. गेली सहा-सात वर्षं मी यावर जे काही केलं, ते इथे पायरीपायरीने मांडते आहे. मुंबईत राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, लोकलने फिरणाऱ्या माणसाला जमेल एवढंच त्यात आहे.

पहिली पायरी: आठवडाभराची वही

आधी काही बदलायला जाऊ नका. सात दिवस फक्त लिहा. मी हे परतीच्या हार्बर लोकलमध्ये करायचे. वडाळ्याला बसायला मिळालं की कुर्ला येईपर्यंत दिवसाची नोंद होऊन जायची. पानाच्या एका बाजूला आज गिळलेली वाक्यं आणि दुसऱ्या बाजूला आज निसटलेली. प्रत्येकासमोर दोन शब्द: कुणासमोर आणि का.

‘का’च्या रकान्यात प्रामाणिक राहायचं. ‘समोरच्याला वाईट वाटलं असतं’ असं लिहावंसं वाटेल. तेव्हा स्वतःला विचारा: गप्प बसल्यावर मला हलकं वाटलं, की घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं? समजून-उमजून धरलेलं मौन घरी येत नाही. भीतीने धरलेलं मौन रात्री अंथरुणातही सोबत येतं. आपण स्वतःशी काय म्हणतो तेही टिपा. ‘जाऊ दे ना’, ‘कशाला वाकड्यात शिरा’, ‘आपल्याला काय करायचंय’, ‘लहान तोंडी मोठा घास नको’. आपल्याकडे ही वाक्यं शहाणपणाची म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हातात दिली जातात, म्हणून ती स्वतःचीच वाटतात.

आणि ती सगळ्यांना सारख्या प्रमाणात दिली जात नाहीत. मी नायगावच्या चाळीत वाढले, बौद्ध कुटुंबात. ‘लहान तोंड’ कुणाला म्हणायचं हे आमच्या आज्यांच्या काळी गावाने ठरवलेलं असायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईतून पाक्षिक सुरू केलं तेव्हा त्याचं नाव ‘मूकनायक’ ठेवलं. ज्यांचं तोंड बांधलेलं आहे त्यांच्या वतीने बोलायला आधी एक जागा लागते, हे त्या नावातच आहे. सून, शिकाऊ कामगार, घरकाम करणारी ताई, इंग्रजी न येणारा क्लार्क यांचं गप्प बसणं केवळ स्वभावाचं नसतं. तुमच्या वहीत काही नोंदी अशा निघतील की तिथे तुम्ही भित्रे नव्हता, तिथे तुम्हाला बोलण्याची जागाच ठेवलेली नव्हती. त्यांच्यासमोर वेगळी खूण करा. त्यांचा उपाय वेगळा आहे, तो पुढे येतो.

दुसरी पायरी: अंग आधी, वाक्य नंतर

राग आणि भीती आधी अंगाला कळतात. मला राग आला की कानाच्या पाळ्या तापतात, आणि भीती वाटली की घशात आवंढा येऊन अडकतो. तुमची खूण वेगळी असेल: पोटात गोळा, हाताला घाम, मांडी हलायला लागणं. वहीत तीही लिहा. आठवड्यानंतर ती खूण दिसताक्षणी ओळखू यायला लागते, आणि ओळखली की तेवढ्यापुरता का होईना वेळ हातात येतो.

त्या वेळात एकच करायचं. श्वास घ्यायला लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, असं तीन वेळा. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. हा चढउतार मेंदूतून हृदयापर्यंत येणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेमार्फत होतो. लांब उच्छ्‌वासाने ठोके उतरणीला लागतात. शिवाय तळपाय जमिनीला टेकलेले आहेत ना, ते बघायचं. खुर्चीत बसून बोलताना आपल्या टाचा नकळत उचललेल्या असतात.

हे भांडणात पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही. मी लोकलमध्ये करायचे. कुर्ल्याला चढणारा लोंढा आत येतो, कुणाची पर्स खांद्याला टोचते, कुणी ‘आगे चलो ना’ म्हणून कोपर मारतं. सरावाला इतकी चांगली जागा शोधून मिळणार नाही. तिथे दोन-तीन महिने रोज केलं, तेव्हा कुठे ते केबिनमध्ये आपोआप व्हायला लागलं.

ज्यांना दहा दिवस काढता येतील त्यांनी विपश्यनेचं शिबिर करावं असं मी मनापासून सांगेन. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६ पासून चालू आहे, आणि गोराईचा पॅगोडा २००९ मध्ये खुला झाल्यापासून बोरिवलीकरांना तर हे दारातच आलं आहे. शिबिरात आर्य मौन असतं. सोबतच्या माणसांशी बोलणं नाही, खाणाखुणा नाहीत, नजरेने संवादही नाही. आचार्यांना शंका विचारता येते, सोयीची काही अडचण असेल तर व्यवस्थापकांना सांगता येते. दहाव्या दिवशी मौन सुटतं. मौन सुटल्यावर मी जे बोलले त्यातली पहिली बरीचशी वाक्यं तक्रारींची होती: जेवण, उकाडा, शेजारच्या बाईंचं घोरणं. नऊ दिवस माझ्या मनात मैत्रीभावना होती असं मला वाटत होतं. त्या अर्ध्या तासात मला माझ्या जिभेची सवय जितकी स्पष्ट दिसली तितकी आधी कधीच दिसली नव्हती.

तिसरी पायरी: चाळणी, आणि तिच्यात काय नाही

लहानपणापासून वंदनेत मी पंचशील म्हणत आले. चौथं शील: मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याची शिकवण मी ग्रहण करते. अष्टांगिक मार्गातल्या सम्यक वाचेत हेच चारपदरी होतं: खोटं नको, पिसुणा वाचा, म्हणजे इकडचं तिकडे लावून माणसं तोडणारी चहाडी, नको, फरुसा वाचा, म्हणजे जिव्हारी लागणारं कठोर बोलणं, नको, आणि सम्फप्पलाप, म्हणजे वायफळ बडबड, नको. इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एका दिवसाचा मजकूर या चार पदरांतून गाळून बघा. ‘अमुक मजल्यावरची ती’ अशी सुरुवात असणारा एकही मेसेज उरणार नाही.

पण मला खरा उलगडा झाला तो पालि सुत्तांतल्या अभय राजकुमाराच्या गोष्टीने, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. राजगृहातला हा राजकुमार बुद्धांना पेचात पकडायला आला होता. त्याचा प्रश्न असा होता: लोकांना अप्रिय वाटेल असं तुम्ही कधी बोलता का? हो म्हणाले तर सामान्य माणसात आणि तुमच्यात फरक काय, आणि नाही म्हणाले तर संघात फूट पाडणाऱ्या देवदत्ताला इतकं कठोर का बोललात, असा तो दुधारी पेच. त्या वेळी अभयच्या मांडीवर एक तान्हं मूल होतं. बुद्धांनी विचारलं, या बाळाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला, काढेन. सहज निघाला नाही तर एका हाताने डोकं धरेन आणि दुसऱ्या हाताचं बोट वाकडं करून, रक्त आलं तरी काढेन, कारण मला बाळाची दया आहे. बुद्धांचं बोलणंही तसंच आहे, हे मग त्याला कळलं. जे खरं नाही किंवा हिताचं नाही ते बोलायचंच नाही, ते ऐकायला कितीही गोड असलं तरी. जे खरं आहे आणि हिताचं आहे ते अप्रिय असलं तरी बोलायचं, फक्त वेळ पाहून. आणि खरं, हिताचं, प्रिय असलं तरीसुद्धा वेळ पाहूनच.

चाळणीला इतकीच भोकं आहेत: खरं आहे का, हिताचं आहे का, वेळ ही आहे का. ‘समोरच्याला आवडेल का’ हे भोक त्यात नाही. आपण आयुष्यभर नेमकं तेच भोक वापरतो आणि त्याला सभ्यपणा म्हणतो. पेटी कॅशच्या दिवशी माझ्याकडचं वाक्य खरं होतं, हिताचं होतं, आणि त्याची वेळ तीच होती. आठवड्यानंतर त्या वाक्याचा काही उपयोग उरला नव्हता. नणंदेला बोललेलं वाक्य खरं असेलही, पण त्यात कुणाचंच हित नव्हतं.

गोष्टीतल्या दोन बारीक गोष्टी विसरू नका. अभय आधी डोकं धरतो, म्हणजे आधार देतो. आणि तो खडा काढतो, बाळाला मारत नाही.

चौथी पायरी: वाक्य बांधणं

कठीण वाक्य ऐनवेळी सुचत नाही. ते आधी बांधावं लागतं, शक्यतो कागदावर, आणि मोठ्याने म्हणून बघावं लागतं. मी तीन तुकड्यांत बांधते: काय घडलं, त्याने मला काय झालं, आता काय हवं.

वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती आपल्या छतात उतरते आहे. आपण सहसा म्हणतो, ‘काका, तुम्हाला कितीदा सांगायचं? तुम्ही कधीच लक्ष देत नाही.’ यातल्या ‘कितीदा’ आणि ‘कधीच’ या शब्दांवर काका भांडतील आणि गळती तशीच राहील. त्याऐवजी: ‘काका, गणपतीपासून आमच्या बाथरूमच्या छताचा पोपडा पडतोय, आज दिव्याच्या होल्डरपाशी पाणी आलं. मला शॉकची भीती वाटते. रविवारी सकाळी प्लंबर आणू का? तुमच्या घरून बघावं लागेल.’ तारीख आहे, जागा आहे, मागणी आहे. भांडायला फारसं काही शिल्लक नाही.

रात्री साडेदहाला फोन करणाऱ्या वरिष्ठांना: ‘सर, या आठवड्यात तीनदा दहानंतर फोन आला. त्या वेळी मी सासऱ्यांची औषधं बघत असते, धड उत्तर देता येत नाही. अगदी तातडीचं असेल तर मेसेज टाका, नाहीतर सकाळी नऊला मी स्वतः फोन करते.’

हळदीकुंकवाला कुणी पोरीच्या रंगावरून काही बोललं, पोरगी तिथेच उभी आहे. इथे तीन तुकड्यांना वेळ नसतो. ‘मावशी, तिच्या रंगावर नको बोलूया.’ एवढंच, आवाज न चढवता, आणि मग पोरीकडे वळून तिच्याशी दुसरं काही बोलायचं. मावशींना पटवत बसायचं नाही. ते वाक्य मावशींपेक्षा पोरीने ऐकणं जास्त महत्त्वाचं आहे.

मराठीत बोलताना काही खास खड्डे आहेत. राग आला की आपण ‘तुम्ही’वरून ‘तू’वर घसरतो किंवा उलट जवळच्याला एकदम ‘आपण’ म्हणायला लागतो. दोन्ही ठिकाणी मुद्दा संपतो आणि मानापमान सुरू होतो. ज्या सर्वनामाने सुरुवात केली त्यानेच शेवट करायचा, हा मी स्वतःला घालून दिलेला नियम आहे. मुंबईत आणखी एक होतं: भांडणाची वेळ आली की दोन मराठी माणसंही हिंदीत शिरतात, कारण त्या हिंदीत दरडावणं सोपं जातं. आपण हिंदीत शिरलो हे कानावर आलं की थांबायची वेळ झाली असं समजा. आणि मागणी करायचीच असेल तर ताकाला जाऊन भांडं लपवू नका. ‘नाही म्हणजे, तसं काही नाही, पण आपलं सहज विचारलं’ असं म्हटलं की समोरचाही आपलं सहजच उत्तर देतो.

पाचवी पायरी: इंग्रजीतली मीटिंग

पहिल्या पायरीत वेगळी खूण केलेल्या नोंदी इथे काढा. मराठी माध्यमातून आलेली, कामात चोख असलेली कितीतरी माणसं लोअर परळच्या आणि बीकेसीच्या काचेच्या खोल्यांत तासन्‌तास तोंड न उघडता बसतात. आकडा चुकलाय हे त्यांना दिसत असतं. वाक्याची जुळवाजुळव होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मीही त्यातलीच आहे, म्हणून मला जे उपयोगी पडलं तेवढंच सांगते.

पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी बोला. ‘तिसऱ्या पानावर बघूया का?’ इतकं साधं चालेल. जितका वेळ गप्प, तितकं पहिलं वाक्य जड होत जातं. पहिलं वाक्य इंग्रजीत लिहून न्या, पण पाठ करू नका, समोर ठेवून वाचा. आकडे समोर ठेवा. आकड्याला उच्चार लागत नाही. आणि अडलं तर थांबून म्हणा, ‘हे मी मराठीत सांगते, मग कुणीतरी इंग्रजीत मांडा.’ मी हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा हात थरथरत होते. टेबलाच्या पलीकडच्या गुजराती सहकाऱ्याने शांतपणे माझं वाक्य इंग्रजीत सांगितलं आणि चर्चा पुढे गेली.

आणि एक जोडीदार आधी गाठा. १९५० च्या दशकात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत प्रयोग केले. रेघांची लांबी ओळखायची, अगदी सोपं काम; पण गटातले बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत. अशा फेऱ्यांमध्ये जवळपास एक तृतीयांश उत्तरं गटाच्या मागे गेली, स्वतःच्या डोळ्यांना दिसत असूनही. मात्र गटात एकच माणूस खरं उत्तर देणारा ठेवला की हे मागे जाणं आधीच्या साधारण एक चतुर्थांश इतकंच उरलं. एकच माणूस! म्हणून मीटिंगच्या आधी चहाला एकाला सांगून ठेवा: ‘मी हा मुद्दा काढणार आहे, तुला पटला तर “बरोबर” एवढं म्हण.’ ज्याला जागाच दिलेली नाही त्याला ती अशी दोघांनी मिळून करावी लागते. आणि दुसऱ्या कुणी तोंड उघडलं, की ते ‘बरोबर’ म्हणणारे आपण व्हायचं.

सोसायटीची सभा

इथे हिमतीपेक्षा तयारी जास्त लागते. वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी मिळायला हवी. नोटीस आली की कार्यक्रमपत्रिका वाचा. बहुतेक जण हिशेबाची पानं न उघडता वडा आणि वेफर्सच्या वेळेला येतात आणि ‘आयत्या वेळचे विषय’ आले की आरडाओरडा करतात. तुमचा मुद्दा सभेआधी लेखी द्या, प्रतीवर सही-शिक्का घ्या. सभेत उभं राहून पत्राची तारीख सांगा, मुद्दा दोन मिनिटांत मांडा, आणि ‘हे इतिवृत्तात घ्या’ हे शब्द उच्चारून खाली बसा. ओरडून बोललेलं इतिवृत्तात येत नाही.

आमच्या सोसायटीत भाड्याने दिलेल्या घरांना बिनभोगवटा शुल्क मनाला येईल तसं लावत होते. शासनाच्या नियमाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. मी नियमाची प्रत काढली, त्याच्या दहा झेरॉक्स केल्या आणि सेक्रेटरी काकांना सभेच्या आदल्या दिवशी घरी जाऊन दिली. चारचौघांत त्यांना तोंडघशी पाडायचं नव्हतं. काका रागावले, पण सभेत त्यांनी स्वतःच विषय काढला. सगळीकडे असं होईलच असं नाही. समिती ऐकतच नसेल तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, आणि त्यापुढे उपनिबंधकांचं कार्यालय आहे. सह्या गोळा करायला दारोदार जावं लागतं. बोलण्याचा खरा सराव मला त्या जिन्यांवर झाला.

डब्यात किंवा रस्त्यावर कुणाला त्रास होत असेल तर

१९६८ साली लाताने आणि डार्ली या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीत फॉर्म भरत बसलेल्या माणसांसमोर भिंतीतून धूर सोडला. एकटी असलेली ७५ टक्के माणसं उठून सांगायला गेली. सोबत मुद्दाम ढिम्म बसवलेले दोघे असले की जेमतेम १० टक्के. गर्दीत प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतो की काही घडत नाहीये. भरलेल्या डब्यात कुणीच का बोलत नाही याचं हे एक मोठं कारण आहे, आणि त्यावरचा उपाय यातूनच निघतो: एक चेहरा हलला पाहिजे.

त्रास देणाऱ्याशी भिडायची गरज नाही. जिला त्रास होतोय तिच्याशी बोला: ‘ताई, इकडे या, इथे जागा आहे.’ ओळखीची असल्यासारखं. मग गर्दीला नको, एकाला सांगा: ‘निळ्या शर्टवाले दादा, जरा इथे उभे राहता?’ रेल्वेत १३९, एरवी ११२, लहान मूल असेल तर १०९८. रात्री रिकाम्या डब्यात एकट्या असाल तर बोलू नका, पुढच्या स्टेशनला उतरून फोन करा. ते भित्रेपण नाही.

नोकरीतला छळ: हे तोंडी नको

लैंगिक छळाबाबतचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची करतो. त्याहून लहान ठिकाणी, घरकाम करणाऱ्या बायकांसाठी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुंबईत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर असे दोन जिल्हे आहेत, आपली जागा कुठल्या जिल्ह्यात येते ते बघा. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. म्हणून ‘बघू, पुन्हा केलं तर बोलू’ म्हणत थांबलात तरी त्या दिवशीच तारीख, वेळ, नेमके शब्द लिहून ठेवा आणि स्वतःलाच मेल करा. मेसेज पुसू नका.

घरात मारहाण होत असेल तर या लेखातल्या वाक्यं बांधण्याच्या युक्त्या तिथे वापरायला जाऊ नका. तिथे आधी सुरक्षित जागा, मग बोलणं. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. आणि बोलण्याच्या विचारानेच झोप उडत असेल, छाती भरून येत असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

बोलून झाल्यावर

याबद्दल कुणी फारसं सांगत नाही. बोलल्यावर हलकं वाटेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हात कापतात, रडू येतं, रात्रभर ‘असं नको होतं म्हणायला’ चालू राहतं. मी त्या दिवशी वहीत फक्त तीन प्रश्न लिहिते: खरं होतं का, हिताचं होतं का, वेळ बरोबर होती का. तिन्हींना हो असेल तर वही मिटते. समोरचा खूश झाला का, हा प्रश्न मी लिहीत नाही. एखाद्याला नाही असेल तर दुसऱ्या दिवशी माफी.

माफीसुद्धा बांधावी लागते. ‘सॉरी हं’ आपल्याकडे पाय लागला तरी म्हणतात, तिचं वजन गेलेलं आहे. ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ यात तर समोरच्याचाच ऐकण्याचा दोष निघतो. ‘माझं चुकलं’ म्हणायचं, काय चुकलं ते नाव घेऊन सांगायचं, आणि ‘पण’ हा शब्द यायच्या आत थांबायचं. नणंदेच्या घरी डोंबिवलीला मी गेले तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाले, ‘डब्यांवरून तुझ्या माहेरपणाला बोलले, ते माझं चुकलं.’ ती बराच वेळ भांडी लावत राहिली. नंतर तिने मला जे सुनावलं ते सगळं ऐकून घेणं हाही माफीचाच भाग होता.

मावशींना शोधायला मला चार वर्षं लागली, म्हणजे शोधायचं ठरवायलाच लागली. पत्ता एका दिवसात मिळाला, गोवंडीचा. मी घडलं ते सगळं सांगितलं, मला ठाऊक होतं हेही. मावशी म्हणाल्या, ‘मला वाटलंच होतं तुम्हाला माहितीये. तुम्ही वर बघत नव्हत्या.’ मी विचारलं, आता माझ्याकडून काय व्हायला हवं? त्यांना पैसे नको होते. एका शाळेत मदतनीस म्हणून त्यांचं काम होत होतं, आणि आधीच्या जागेचं अनुभवपत्र मागितलं होतं. मी ती नोकरी तोवर सोडली होती. जुन्या ऑफिसात जाऊन मॅनेजरसमोर बसले, अठराशे रुपयांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, व्हाउचरच्या तारखेसकट. दोनदा त्यांनी ‘बघतो’ म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या फेरीला पत्र मिळालं. त्यात मावशींच्या कामाची दोन वर्षं कमी लिहिली होती, म्हणून चौथ्यांदा गेले.